नोकरी गेल्यावर ईएसआयसीचा बेरोजगारी भत्ता : पात्रता, अर्ज आणि पैसे, पायरीपायरीने

चाकणच्या ज्या कारखान्यात मी तपासणी विभागात होते, तिथे एका शनिवारी संध्याकाळी सुपरवायझरचा मेसेज आला : "ऑर्डर बंद आहेत, सोमवारपासून येऊ नका. कळवू." पुढे कुणी काही कळवलं नाही. आमच्या लाइनवरच्या कुणालाच माहीत नव्हतं की दर महिन्याला पगारातून जे ईएसआयचे पैसे कापले जातात, त्यात नोकरी गेल्यावर मिळणारा भत्ताही असतो. आम्हाला ईएसआय म्हणजे दवाखान्याचं कार्ड, एवढंच ठाऊक. मला तो भत्ता मिळाला, पण अर्ज एकदा परत आला. माझ्याबरोबरच्या दोघींना तो मिळालाच नाही, कारण त्यांनी एका कागदावर सही करून दिली होती. ती सही कसली, हे दुसऱ्या पायरीत सांगते. बाकीचं घाईत वाचलं तरी चालेल, पण ती पायरी नीट वाचा.

आधी एवढं समजून घ्या : योजना एक नाही, दोन आहेत

कर्मचारी राज्य विमा महामंडळ, म्हणजे आपलं ईएसआयसी, बेरोजगारीसाठी दोन वेगळ्या योजना चालवतं. लोक त्यांची सरमिसळ करतात आणि चुकीचा फॉर्म भरून बसतात.

पहिली राजीव गांधी श्रमिक कल्याण योजना. ही १ एप्रिल २००५ पासून आहे. सुरुवातीला सहाच महिने भत्ता मिळायचा, मग एक वर्ष झालं, आणि आता जास्तीत जास्त २४ महिने मिळतो. लांबलेल्या बेरोजगारीसाठी खरा आधार हाच आहे. पण तिचं दार अरुंद आहे : कारखाना बंद पडला, कायदेशीर कामगार कपात झाली, किंवा कामाशी संबंध नसलेल्या दुखापतीने निदान ४० टक्के कायमचं अपंगत्व आलं, तरच.

दुसरी अटल बीमित व्यक्ती कल्याण योजना. ही १ जुलै २०१८ ला सुरू झाली. भत्ता जास्तीत जास्त ९० दिवसांचा, तोही आयुष्यात एकदाच. हिचं दार मात्र बरंच रुंद आहे. कंपनी बंद पडलेली असायची गरज नाही, तुमचं काम तुमच्या चुकीशिवाय गेलेलं असलं की झालं. ही योजना कायमची नाही, मुदतवाढीवर चालते. २०२४ मध्ये मिळालेली मुदतवाढ ३० जून २०२६ पर्यंतची होती. म्हणून अर्ज भरण्याआधी शाखा कार्यालयात पहिला प्रश्न हाच विचारा : आज मुदत कुठपर्यंत आहे?

१. तुम्ही ईएसआयसीत आहात का, ते पगाराच्या स्लिपवर बघा

स्लिपवर ईएसआय म्हणून कपात दिसली पाहिजे. जुलै २०१९ पासून कामगाराचा वाटा पगाराच्या ०.७५ टक्के आणि मालकाचा ३.२५ टक्के आहे. म्हणजे १८,००० पगार असेल तर तुमचे १३५ रुपये कापले जातात आणि मालक स्वतःचे ५८५ घालतो. ज्यांची रोजची सरासरी मजुरी १७६ रुपये किंवा कमी आहे त्यांच्याकडून वाटा घेत नाहीत, पण मालकाला भरावाच लागतो. अशांचाही विमा चालूच असतो.

पगाराची मर्यादा महिन्याला २१,००० रुपये आहे, अपंग कामगारांसाठी २५,०००. इथे एक गोष्ट अनेकांच्या लक्षात येत नाही. पगार वाढून २१,००० च्या वर गेला तर चालू असलेली सहामाही संपेपर्यंत कपात होते आणि मग तुम्ही ईएसआयसीतून बाहेर पडता. त्यानंतर वर्षभराने नोकरी गेली तर या दोन्ही योजनांतून काही हाती येत नाही. त्या पगाराच्या माणसाला आपल्याकडे बेरोजगारीचा विमाच नाही. हे मला फार चुकीचं वाटतं, कारण पुण्यात घरभाडं भरून बावीस हजारांत राहणारा माणूस काही श्रीमंत नसतो. पण नियम असा आहे.

ओव्हरटाइमबद्दलही गोंधळ असतो. २१,००० ची मर्यादा बघताना ओव्हरटाइम धरत नाहीत. पण ओव्हरटाइमच्या पैशांवर ईएसआय कापला गेला असेल, तर भत्त्याचा हिशेब होताना तो धरला जातो. तुमच्या दोन पाळ्यांच्या घामाचा इथे तरी उपयोग आहे.

कपात होते म्हणजे पैसे भरले गेलेच, असं धरून चालू नका. ईएसआयसीच्या पोर्टलवर विमाधारक म्हणून लॉगिन करा, त्यासाठी तुमचा दहा आकडी विमा क्रमांक लागतो. आत प्रत्येक महिन्याचे भरलेले दिवस आणि पगार दिसतो. ती सगळी पानं नोकरी चालू असतानाच छापून किंवा फोटो काढून ठेवा. मी हे नोकरी गेल्यावर केलं आणि तेव्हा कळलं की माझे आधीच्या ठेकेदाराकडचे चौदा महिने भलत्याच विमा क्रमांकावर पडलेत.

ठेकेदारी कामगारांमध्ये हे सर्रास आहे. सहा-सात महिन्यांनी "ब्रेक" द्यायचा, मग परत घेताना नवीन नोंदणी करायची. एका माणसाचे दोन-तीन विमा क्रमांक होतात आणि कुठल्याच क्रमांकावर पुरेसे दिवस दिसत नाहीत. असं झालं असेल तर दोन्ही क्रमांकांचे पुरावे आणि आधार घेऊन शाखेत लेखी अर्ज करा, जुन्या क्रमांकावरच्या नोंदी एकत्र करून मागा. भत्त्याचा अर्ज त्यानंतरच भरा.

२. राजीनाम्यावर सही करण्याआधी थांबा

कंपनीला माणसं कमी करायची असतात, पण "आम्ही काढलं" असं लिहून द्यायचं नसतं. म्हणून तुम्हाला केबिनमध्ये बोलावतात आणि एचआरवाले गोड बोलतात : "तुम्ही राजीनामा लिहून द्या, रिलिव्हिंग लेटर चांगलं देतो, फुल अँड फायनल लगेच करतो. काढलं असं लिहिलं तर पुढे कुणी घेणार नाही." माणूस आधीच हादरलेला असतो. तो सही करतो. आणि त्या सहीबरोबर त्याचा भत्त्याचा हक्क जवळजवळ संपतो, कारण स्वतःहून सोडलेल्या नोकरीसाठी दोन्ही योजनांत पैसे नाहीत. माझ्या दोन मैत्रिणींचं हेच झालं. "वैयक्तिक कारणामुळे राजीनामा देत आहे" असं त्यांच्याकडून मराठीत लिहून घेतलं होतं, खाली सही. शाखेतल्या ताईंनी तो कागद बघितला आणि म्हणाल्या, "यावर मला काही करता येत नाही हो."

म्हणून :

- काम गेलं असेल तर ते कंपनीने घालवलं हे दाखवणारं काहीतरी हातात ठेवा. पत्र मिळालं तर उत्तम. नाही मिळालं तर मेसेज, गेटवरची नोटीस, नावं कमी केल्याची यादी, गेटपास बंद झाल्याचा फोटो, जे असेल ते. मला त्या शनिवारच्या मेसेजनेच तारलं.
- पत्र देत नसतील तर तुम्हीच साधा अर्ज लिहा : "अमुक तारखेपासून मला कामावर घेतलेलं नाही, कारण लेखी कळवावे." तो रजिस्टर्ड पोस्टाने पाठवा आणि पावती जपा. उत्तर नाही आलं तरी तारखेचा पुरावा होतो.
- राजीनामा दिल्याशिवाय हिशेब देणार नाही असं कुणी म्हणालं तर तिथेच सही करू नका. "घरी विचारून उद्या सांगते" म्हणा आणि बाहेर या. युनियन असेल तर तिच्याकडे जा, नसेल तर सहायक कामगार आयुक्तांच्या कार्यालयात जा. केलेल्या दिवसांचा पगार हा तुमचाच आहे, तो राजीनाम्याच्या बदल्यात द्यायची वस्तू नाही.

आता यातला न दिसणारा भाग. दर महिन्याला कंपनी ईएसआयसीच्या पोर्टलवर तुमचे दिवस आणि पगार भरते. ज्या महिन्यात तुमचे दिवस शून्य होतात त्या महिन्यात तिला एका यादीतून कारण निवडावं लागतं आणि कामाचा शेवटचा दिवस टाकावा लागतो. त्या यादीत "नोकरी सोडली", "निवृत्त", "काम नाही", "कामगार कपात", "संप किंवा टाळेबंदी" अशी कारणं असतात. कंपनीचा क्लार्क बहुतेक वेळा विचार न करता "नोकरी सोडली" निवडून मोकळा होतो. तुमच्या हातात काढल्याचं पत्र असलं तरी शाखेच्या पडद्यावर मात्र तुम्ही स्वतःहून गेलात असं दिसतं. माझा पहिला अर्ज यामुळेच परत आला. नोकरी गेल्यावर पहिल्याच महिन्यात कंपनीत फोन करून विचारा की ईएसआयला कारण काय टाकलंत आणि शेवटची तारीख कोणती टाकलीत. क्लार्क दादांशी नीट बोललं तर ते सांगतात. चूक असेल तर तेव्हाच दुरुस्त करायला सांगा. चार महिन्यांनी तो माणूसही तिथे असेल याचा भरवसा नाही.

३. तुमची योजना कोणती ते ठरवा

कारखाना कायमचा बंद झाला किंवा कामगार कपातीचं रीतसर पत्र मिळालं, आणि त्याआधी निदान दोन वर्षं तुमची ईएसआयची वर्गणी भरलेली आहे, तर आधी राजीव गांधी योजनेकडे बघा. तिच्यात पैसेही जास्त आणि मुदतही. कपात म्हणजे नुसतं "येऊ नका" नव्हे. वर्षभर सलग काम केलेल्या कामगाराला एक महिन्याची नोटीस किंवा तिच्या बदल्यात पगार, आणि पूर्ण केलेल्या दर वर्षामागे १५ दिवसांचा सरासरी पगार भरपाई म्हणून द्यावा लागतो. हा नियम १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्यातला, आणि नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या औद्योगिक संबंध संहितेतही तो आहे. तुमच्या हिशेबात ही भरपाई दाखवली असेल तर कपात झाल्याचा तो भक्कम पुरावा आहे.

यातलं काही नसेल, नुसतं काम गेलं असेल, तर अटल योजना.

दोन्ही योजनांत कुणाला मिळत नाही, तेही सरळ सांगते : गैरवर्तनाबद्दल शिस्तभंगाची कारवाई करून काढलेल्यांना, स्वेच्छानिवृत्ती किंवा मुदतपूर्व निवृत्ती घेतलेल्यांना, निवृत्तीचं वय झालेल्यांना, टाळेबंदी किंवा बेकायदा ठरलेल्या संपामुळे घरी असलेल्यांना, आणि खोटी माहिती देऊन लाभ घेतल्याबद्दल ईएसआय कायद्याच्या कलम ८४ खाली शिक्षा झालेल्यांना. दोन ठिकाणी ईएसआयखाली काम करत असाल तर दोन्ही कामं गेल्यावरच तुम्ही बेरोजगार धरले जाता.

४. दिवस मोजा

अटल योजनेसाठी नोकरी जाण्याआधी निदान दोन वर्षं तुम्ही विमा लागू असलेल्या नोकरीत असायला हवं. शिवाय दिवसांचा हिशेब आहे. तो सहामाहीवर चालतो : १ एप्रिल ते ३० सप्टेंबर एक, १ ऑक्टोबर ते ३१ मार्च दुसरी. याला अंशदान काळ म्हणतात. नोकरी जाण्याच्या लगेच आधीच्या सहामाहीत निदान ७८ दिवसांची वर्गणी हवी. आणि त्याआधीच्या तीन सहामाह्यांपैकी कुठल्याही एकीत निदान ७८ दिवसांची.

उदाहरण घ्या. २० नोव्हेंबर २०२४ ला काम गेलं. लगेच आधीची पुरी झालेली सहामाही म्हणजे एप्रिल ते सप्टेंबर २०२४. तिच्यात ७८ दिवस हवेतच. मग ऑक्टोबर २०२३ ते मार्च २०२४, एप्रिल ते सप्टेंबर २०२३, आणि ऑक्टोबर २०२२ ते मार्च २०२३ या तिघींपैकी एकीत ७८ झाले की पुरे.

२०१८ मध्ये चारही सहामाह्यांत ७८ दिवसांची अट होती. करोनाच्या वर्षात ती सैल केली. कुणी जुन्या माहितीवरून "तुझं बसत नाही" म्हणालं तर लगेच मान हलवू नका, पोर्टलवरचे दिवस कागदावर मांडा आणि स्वतः मोजा.

५. पैसे किती, त्याचा हिशेब

अटल योजनेत सरासरी रोजच्या कमाईच्या ५० टक्के मिळतात. सुरुवातीला २५ टक्केच होते, २४ मार्च २०२० पासून दुप्पट केले. पण "सरासरी" कशी काढतात हे बघा, कारण इथेच लोकांचा अपेक्षाभंग होतो. मागच्या चार सहामाह्यांतली तुमची एकूण कमाई घेतात आणि तिला ७३० ने भागतात. कामाच्या दिवसांनी नाही, दोन वर्षांच्या सगळ्या दिवसांनी.

महिना १८,००० धरा, दोन वर्षं सलग. एकूण ४,३२,०००. भागिले ७३०, म्हणजे रोजचे साधारण ५९२ रुपये. निम्मे २९६. नव्वद दिवसांचे सुमारे २६,६३० रुपये.

आता ब्रेक मिळालेल्या माणसाचं बघा. पगार १५,०००, पण चोवीस महिन्यांत सहा महिने ब्रेक. एकूण २,७०,०००. भागिले ७३०, रोजचे ३७०, निम्मे १८५. नव्वद दिवसांचे सुमारे १६,६४४. ब्रेक नसता तर हेच २२,१९२ झाले असते. म्हणजे ठेकेदाराने दिलेला ब्रेक तुम्हाला दोनदा कापतो, एकदा त्या वेळी आणि एकदा इथे.

दर वर्षी मिळणारा दिवाळीचा बोनस या कमाईत धरत नाहीत. महिन्याच्या पगारातले भत्ते ईएसआय कापताना धरले असतील तर ते येतात.

राजीव गांधी योजनेत पहिल्या १२ महिन्यांसाठी शेवटच्या सरासरी दैनिक वेतनाच्या ५० टक्के आणि १३ व्या ते २४ व्या महिन्यासाठी २५ टक्के. हे २४ महिने सलगच घ्यायला हवेत असं नाही. मध्ये काम लागलं आणि पुन्हा गेलं तर उरलेली मुदत वापरता येते, फक्त प्रत्येक टप्पा निदान एक महिन्याचा हवा. तेराव्या महिन्यापासून रक्कम निम्मी होते हे घरखर्च ठरवताना आधीच धरून चला. आमच्या ओळखीच्या एका दादांच्या घरी तेराव्या महिन्यात पैसे कमी आले तेव्हा त्यांना वाटलं काहीतरी चूक झाली, आणि कार्यालयाच्या चकरा मारण्यात त्यांचे दोन आठवडे गेले.

६. कागदपत्रं जमवा

- विमा क्रमांक आणि ई-पहचान कार्ड
- आधार कार्ड, विमा क्रमांकाला जोडलेलं
- बँक पासबुकाचं पहिलं पान किंवा रद्द केलेला चेक
- आधारशी जोडलेला चालू मोबाइल
- शेवटच्या काही महिन्यांच्या पगार स्लिपा
- नियुक्तीपत्र, काढल्याचं पत्र किंवा त्याऐवजी वर सांगितलेले पुरावे
- राजीव गांधी योजनेसाठी कारखाना बंद झाल्याचे किंवा कपातीचे कागद. अपंगत्व असेल तर वैद्यकीय प्रमाणपत्र

दोन ठिकाणी विशेष लक्ष द्या. पहिलं नाव. आपल्याकडे बायकांचं नाव लग्नानंतर बदलतं, मधलं नाव वडिलांचं जाऊन नवऱ्याचं येतं, आडनाव बदलतं. ईएसआयची नोंद माहेरच्या नावाने, आधार सासरच्या नावाने आणि बँक खातं तिसऱ्याच क्रमाने, असं असलं की पैसे अडकतात. पुरुषांचंही "आडनाव आधी की शेवटी" यावरून अडतं. तिन्ही ठिकाणी एकच नाव करून घ्या, विवाह नोंदणीचा दाखला बरोबर ठेवा.

दुसरं बँकेचा आयएफएससी क्रमांक. देना बँक २०१९ मध्ये बँक ऑफ बडोद्यात गेली, २०२० मध्ये सिंडिकेट बँक कॅनरात, अलाहाबाद बँक इंडियन बँकेत, आंध्रा आणि कॉर्पोरेशन बँक युनियन बँकेत. पासबुक जुनं असेल तर त्यावरचा क्रमांकही जुना असतो. बँकेत जाऊन नवीन पासबुक छापून घ्या आणि तोच क्रमांक ईएसआयसीत नोंदवा.

७. अर्ज भरा

अटल योजनेचा अर्ज नोकरी गेल्यापासून ३० दिवस झाल्यावर करता येतो. आधी ही वाट ९० दिवसांची होती. नोकरी गेल्यापासून एक वर्षाच्या आत अर्ज यायला हवा. पुढच्या दिवसांचे पैसे आगाऊ मागता येत नाहीत, जे दिवस बेरोजगारीत सरले त्यांचेच मिळतात.

पोर्टलवर लॉगिन केल्यावर अटल योजनेचा दावा भरण्याची सोय आहे. फॉर्मचं नाव एबी-१. बेरोजगारीची सुरुवातीची तारीख टाकताना कंपनीने टाकलेल्या कामाच्या शेवटच्या दिवसाशी ती जुळते का हे तपासा, एका दिवसाचाही फरक नको. आधार आणि बँकेचे कागद स्कॅन करून तिथेच चढवा. ते चढवले असतील तर छापील अर्ज द्यायला जावं लागत नाही. नसतील चढवले तर अर्ज छापून, सही करून, कागदांसह शाखेत द्यावा लागतो.

दोन जुन्या गोष्टी अजून कानावर येतील. एक, वीस रुपयांच्या स्टँपवर प्रतिज्ञापत्र लागतं. ते नोव्हेंबर २०२० पासून लागत नाही. दोन, अर्ज मालकाच्या सहीनेच जातो. तेही २०२० पासून नाही, अर्ज तुम्ही थेट शाखेत देऊ शकता.

राजीव गांधी योजनेसाठी यूए-१ हा फॉर्म आहे, तो शाखा कार्यालयात द्यायचा.

अर्जाला फी नाही, एक रुपयाही नाही. औद्योगिक भागातल्या नेट कॅफेंत "ईएसआयचे पैसे काढून देतो, दहा टक्के द्या" म्हणणारे बसलेले असतात. फॉर्म टाइप करण्याचे वीस-पन्नास रुपये देणं वेगळं, पण आपला विमा क्रमांक, आधार आणि ओटीपी कुणाच्या हाती देऊ नका. कार्यालयातून बोलतोय म्हणून फोनवर ओटीपी मागितला तर फोन ठेवून द्या.

८. अर्ज केल्यावर काय होतं, आणि अडकला तर

शाखा तुमची माहिती कंपनीकडून पडताळते. कंपनीने फोन उचलला नाही किंवा "स्वतः सोडून गेली" असं सांगितलं की अर्ज थांबतो. माझा परत आला तेव्हा मी मेसेजची छापील प्रत, कंपनीला पाठवलेल्या रजिस्टर्ड पत्राची पावती आणि माझा अर्ज असं घेऊन शाखेत गेले. मॅनेजर साहेबांनी माझ्यासमोर कंपनीत फोन लावला. त्यानंतर नोंद दुरुस्त व्हायला पाच आठवडे गेले, मी मधे तीनदा जाऊन आले. दर वेळी पोच घेतली, तारीख आणि कुणाशी बोलले ते वहीत लिहिलं. ती वही फार कामाला आली, कारण तिसऱ्या वेळी खिडकीवर नवीन माणूस होता.

शाखेत जाताना सकाळी लवकर जा आणि तोंडी बोलून परत येऊ नका. नाकारलं तर कारण लेखी मागा. शाखेत मार्ग निघाला नाही तर वरचं प्रादेशिक किंवा उपप्रादेशिक कार्यालय आहे. मुंबईला लोअर परळ, पुण्याला बिबवेवाडी, शिवाय ठाणे, नागपूर इथेही आहेत. ईएसआयसीच्या कार्यालयांत दर महिन्याला तक्रारींसाठी "सुविधा समागम" भरतो, त्या दिवशी अधिकारी समोर बसतात. शाखेत पुढची तारीख विचारून घ्या. टोल फ्री क्रमांक १८००-११-२५२६ आहे. शिवाय केंद्र सरकारच्या तक्रार पोर्टलवर तक्रार नोंदवता येते. तक्रारीत रडगाणं नको. विमा क्रमांक, अर्जाचा क्रमांक, तारखा आणि एक स्पष्ट मागणी एवढंच लिहा.

९. दवाखाना सोडू नका

नोकरी गेली की लोक ईएसआयचं कार्ड कपाटात ठेवून देतात आणि खासगी दवाखान्यात कर्ज काढतात. तसं करू नका. भत्ता चालू असेपर्यंत उपचार मिळतात. राजीव गांधी योजनेत तर कुटुंबालाही, म्हणजे २४ महिन्यांपर्यंत.

भत्त्याचा अर्ज केलाच नाही तरी उपचार लगेच बंद होत नाहीत. ईएसआयमध्ये वर्गणीची सहामाही आणि लाभाची सहामाही यांत तीन महिन्यांचं अंतर असतं. एप्रिल ते सप्टेंबरमध्ये ७८ दिवस भरले असतील तर त्यांचा लाभ पुढच्या जानेवारी ते जून मिळतो. ऑक्टोबर ते मार्चचा लाभ पुढच्या जुलै ते डिसेंबर. माझं काम गेल्यावर चार महिन्यांनी सासूबाईंचं मोतीबिंदूचं ऑपरेशन ईएसआयच्या रुग्णालयात झालं, खिशातून गेले ते फक्त रिक्षाचे. शेजारच्या वहिनींना हे माहीत नव्हतं, त्यांनी त्याच महिन्यात दागिना गहाण ठेवला.

राजीव गांधी योजनेत भत्त्याबरोबर नवं कौशल्य शिकण्यासाठी प्रशिक्षणाचीही तरतूद आहे. ती मागावी लागते, आपणहून कुणी सांगत नाही. अर्ज देतानाच विचारा.

१०. पुन्हा काम लागलं तर

नवीन काम लागलं की भत्ता थांबतो, आणि ते शाखेला तुम्हीच लेखी कळवा. नवीन कंपनी ईएसआय भरायला लागली की पोर्टलवर ते आपोआप दिसतंच. त्या तारखेनंतरचा दावा केलेला असेल तर पैसे परत करावे लागतात आणि खोट्या माहितीचा ठपका बसतो. तो बसला की पुढचे दरवाजेही बंद.

नवीन ठिकाणी रुजू होताना जुना विमा क्रमांक स्वतःहून द्या, "आधी ईएसआय नव्हतं का?" असं विचारायची वाट बघू नका. नियुक्तीपत्र मागा. पहिला पगार झाला की पोर्टलवर जाऊन त्या महिन्याचे दिवस त्याच जुन्या क्रमांकावर जमा झालेत का ते बघा. मी दर महिन्याच्या वीस तारखेला बघते, कारण मागच्या महिन्याची वर्गणी भरायची मालकाची मुदत पंधरा तारखेची असते.